आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे संशोधन : मोजदाद आणि वास्तव

संशोधन म्हणजे प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांची संख्या, हे समीकरण गेल्या दीड दशकात आपल्या उच्च शिक्षणात दृढ झाले आहे. कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांतील प्राध्यापकांना ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांतील एपीआय गुणांनी शिकवले, तर वैद्यकीय अध्यापकांना भारतीय वैद्यक परिषदेच्या पदोन्नतीच्या निकषांनी. या मोजदादीचे दोष आता सर्वपरिचित आहेत. आयोगाने २०१८ मध्ये आपल्याच यादीतून चार हजारांहून अधिक नियतकालिके वगळली, २०१९ मध्ये 'केअर' यादी आणली आणि २०२५ मध्ये तीही बंद केली. मात्र या मोजदादीने एका विशिष्ट प्रकारच्या विद्यापीठाचे चित्र किती विपरीत दिसते, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक याच्या संदर्भात हा प्रश्न तपासण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विद्यापीठाची स्थापना १९९८ ची. तोपर्यंत राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये मुंबई, पुणे, नागपूर आदी पारंपरिक विद्यापीठांशी संलग्न होती. अभिमत विद्यापीठे वगळता आधुनिक वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या, भौतिकोपचार अशा विद्याशाखांची राज्यभरातील महाविद्यालये एका छत्राखाली आली. रचना प्रामुख्याने संलग्नीकरणाची. संशोधन घडते ते महाविद्यालयांच्या रुग्णालयांत, बाह्यरुग्ण विभागात, प्रयोगशाळेत. शोधनिबंध प्रसिद्ध होतो तेव्हा लेखक विभाग, महाविद्यालय, रुग्णालय आणि शहर यांची नावे देतो. ज्या विद्यापीठाची पदवी त्याच्याकडे आहे त्याचे नाव तो क्वचितच देतो. त्यामुळे स्कोपससारख्या सूचीत विद्यापीठाचे नाव घालून शोध घेतला तर हाती येणारा आकडा वास्तवाच्या जवळपासही नसतो. महाविद्यालयांची नावे तरी एकसारखी कुठे लिहिली जातात? मुंबईच्या एकाच संस्थेला कोणी सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय म्हणतो, कोणी सेठ जी. एस., कोणी नुसते केईएम. याच संस्थेच्या अध्यापकांनी १९५५ पासून 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' हे नियतकालिक चालवले आहे. ही परंपरा विद्यापीठाच्या स्थापनेहून चार दशकांनी जुनी आहे. तिचे श्रेय नाशिकच्या खात्यावर जमा करणे वा न करणे हा केवळ हिशेबाचा भाग झाला.

तथापि, हिशेब चुकीचा आहे एवढे म्हणून प्रश्नातून सुटका नाही. सम्रन रे, ईशान शहा व समीरण नंदी यांनी २००५ ते २०१४ या दशकातील भारतीय वैद्यकीय संस्थांच्या संशोधनाचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. ५७९ संस्थांपैकी ३३२ संस्थांतून, म्हणजे ५७.३ टक्के संस्थांतून, त्या दहा वर्षांत एकही निबंध प्रसिद्ध झालेला आढळला नाही. वर्षाला शंभराहून अधिक निबंध देणाऱ्या संस्था अवघ्या २५ होत्या आणि देशाच्या एकूण वैद्यकीय निबंधांपैकी ४०.३ टक्के त्यांच्या नावावर होते. नावांच्या घोळाला कितीही सवलत दिली तरी हे आकडे अस्वस्थ करणारे आहेत.

पण याच आकड्यांत एक विसंगती दडलेली आहे आणि माझ्या मते खरा प्रश्न तिथे सुरू होतो. ज्या महाविद्यालयात एम. डी. वा एम. एस. चे विद्यार्थी आहेत, तेथे संशोधन झालेच नाही असे म्हणता येत नाही. वैद्यक परिषदेच्या २००० सालच्या पदव्युत्तर शिक्षणविषयक विनियमांनुसार प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध सादर करावा लागे, तोही लेखी परीक्षेच्या किमान सहा महिने आधी. २०२० मध्ये परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यक आयोगाने घेतली तरी प्रबंध कायम राहिला. म्हणजे दरवर्षी प्रत्येक विभागात, प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक, याप्रमाणे संशोधन होतच असते. आचारसमितीची परवानगी घेतली जाते, रुग्ण निवडले जातात, तपासण्या होतात, कोष्टके मांडली जातात, परीक्षक प्रबंध तपासतात. आणि मग तो काळ्या वा निळ्या बांधणीत ग्रंथालयाच्या कपाटात जाऊन बसतो. परीक्षा झाली की विद्यार्थी गाव सोडतो, आणि मार्गदर्शकापुढे पुढच्या तुकडीचे विषय उभे असतात. त्यात परिषदेच्या २०१५ च्या परिपत्रकाने पदोन्नतीसाठी लेखकांच्या क्रमाला महत्त्व दिले. ज्याने रात्रपाळ्या सांभाळून माहिती गोळा केली त्याचे नाव आधी की ज्याला पदोन्नती हवी त्याचे, हा तंटा असा प्रबंधाच्या जन्मापासूनच त्याच्यासोबत असतो. तो मिटला नाही तर निबंध लिहिलाच जात नाही.

या प्रबंधांचा दर्जा सामान्य असतो, पन्नास-साठ रुग्णांवरून काय सिद्ध होणार, असा आक्षेप वैद्यकीय क्षेत्रातूनच घेतला जातो. तो निराधार नाही. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमातून विषयनिश्चिती व परवानग्यांचा काळ आणि शेवटचे सहा महिने वजा केले तर प्रत्यक्ष कामाला जेमतेम दीड-पावणेदोन वर्षे उरतात, आणि तीही निवासी डॉक्टरच्या कामाच्या ओझ्याखाली. पन्नास वा शंभर अशा गोल संख्या रुग्णसंख्येच्या जागी वारंवार दिसतात, त्याचे कारण संख्याशास्त्र नव्हे, वेळ. परंतु दोष एकेका प्रबंधाच्या लहानपणाचा नाही. तो सुटेपणाचा आहे. नागपूर, यवतमाळ, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि मिरज येथे चार विद्यार्थी गर्भवतींच्या रक्तक्षयावर चार प्रबंध वेगवेगळ्या व्याख्या व वेगवेगळ्या प्रश्नावल्या घेऊन लिहीत असतील, तर चारही लहानच राहणार. तेच एका आराखड्यावर लिहिले तर राज्याच्या चार विभागांचा एक भक्कम अभ्यास उभा राहील. हे काम महाविद्यालय करू शकत नाही. विषयाची नोंदणी ज्याच्याकडे होते ते विद्यापीठ करू शकते. संलग्नीकरण ही एरवी परीक्षा व शुल्क यांपुरती उरलेली व्यवस्था संशोधनात बलस्थान ठरू शकेल ती नेमकी इथे. विदर्भातील सिकलसेल, कोकणातील विंचूदंश, पावसाळ्यातील लेप्टोस्पायरोसिस यांसारखे विषय राज्याच्या नकाशावरच लिहिलेले आहेत.

विंचूदंशाचा उल्लेख सहज केलेला नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दंश झालेले रुग्ण पाहिले, त्यांची लक्षणे टिपली आणि १९८० च्या दशकात प्राझोसिन या औषधाच्या उपयोगाविषयी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. डॉ. अभय व राणी बंग यांचा घरोघरच्या नवजात बालसेवेचा निबंध १९९९ मध्ये त्याच नियतकालिकात आला. तो गडचिरोलीतील ३९ गावांतील कामावर आधारलेला होता. दोन्ही ठिकाणी साधने तुटपुंजी होती, पण प्रश्न तेथील माणसांचा होता. निकषांनी पदोन्नतीसाठी मागितले म्हणून यांतले काहीही लिहिले गेले नव्हते, हेही जाता जाता नोंदवावे.

प्रबंध वाचनासाठी खुले करण्याबाबत तामिळनाडूचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. चेन्नईच्या डॉ. एम. जी. आर. वैद्यकीय विद्यापीठाचा अंकीय संग्रह एम. डी., एम. एस. प्रबंध पूर्ण मजकुरासह कोणालाही वाचू देतो. त्यातले बरेच साधारण असतील, पण ते साधारण आहेत हे ठरवण्याची सोय तरी वाचकाला आहे. आपल्याकडे 'शोधगंगा'ने पीएच. डी. प्रबंधांबाबत ही सवय लावली. पदव्युत्तर वैद्यकीय प्रबंधांबाबतही राज्यातील प्रत्येक महाविद्यालयाने तोच पायंडा पाडला, तर तोचतोच विषय पुन्हा देणे मार्गदर्शकालाही जड जाईल. आयुर्वेद विद्याशाखेला याचा सर्वाधिक लाभ आहे. तिचे बहुतांश काम पबमेडसारख्या सूचींच्या कक्षेतच येत नाही, त्यामुळे मोजदादीत ते शून्य ठरते आणि टीकेपासूनही सुरक्षित राहते.

भाषेच्या अध्यापकाला या प्रबंधांत आणखी एक गोष्ट खटकते. प्रबंध इंग्रजीत असतो. त्यातली मराठी पाने म्हणजे रुग्णाला दिलेले माहितीपत्रक आणि संमतिपत्र. सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत संमती घ्यावी, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात म्हणून ती पाने असतात, आणि त्यांचीही मराठी अनेकदा इंग्रजीवरून शब्दशः उतरवलेली, न समजणारी असते. रुग्णाकडून सही वा अंगठा घेण्यापुरती मराठी लागते, निष्कर्ष सांगण्यासाठी लागत नाही. रुग्णाने रक्त दिले, वेळ दिला, स्वतःच्या आजाराची माहिती दिली, त्यातून काय निघाले ते त्याच्यापर्यंत कधीच येत नाही. प्रत्येक प्रबंधासोबत दोन पानांचा मराठी गोषवारा सक्तीचा करायला विद्यापीठाला ना निधी लागतो, ना बाहेरच्या कोणाची परवानगी. असे गोषवारे तपासून देण्याचे काम त्याच शहरातील कला महाविद्यालयांचे मराठी विभाग आनंदाने करतील.