चार्ल्स कोरिया आणि उशिरा आलेली लोकल

‘सस्टेनेबल सिटी’ म्हटलं की आपल्या फीडवर इलेक्ट्रिक बस, सायकल ट्रॅक आणि गच्चीवरची झाडं येतात. चार्ल्स कोरियांचं ‘द न्यू लँडस्केप’ (१९८५) यातलं काहीच दाखवत नाही, म्हणूनच ते वाचायला हवं.

पुस्तक छोटं आहे, भाषा सरळ. फूटपाथवर राहणाऱ्याला फक्त घर परवडत नाही असं नाही, कामापासून लांब राहणंही परवडत नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा. म्हणजे तुटवडा नुसत्या घरांचा नाही, स्वस्त बस-ट्रेन पोचते अशा जमिनीचा आहे. ती जमीन वाढवली तर टॉवरशिवाय, बैठ्या घरांतही दाट वस्ती होऊ शकते. बेलापूरची त्यांची वसाहत त्याचा नमुना आहे. वाहतूक ही शहर बांधून झाल्यावर बसवायची सोय नसून शहराचा सांगाडा आहे, हे मला इतकं स्वच्छ दुसरीकडे सापडलं नाही.

या विचाराची परीक्षा आपल्याकडेच झाली. प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासोबत कोरियांनी १९६५मध्ये ‘मार्ग’ त्रैमासिकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. १९७०मध्ये सिडको आली. सरकारी कचेऱ्या पलीकडे न्यायच्या, म्हणजे रोज दक्षिणेकडे धावणारी गर्दी विभागली जाईल, असा हिशेब होता. मंत्रालय हललं नाही. उलट नरिमन पॉइंटला भराव घालून टॉवर उभे राहिले. वाशीला लोकल आली १९९२मध्ये, सिडकोनंतर २२ वर्षांनी.

इथे माझी तक्रार आहे. पुस्तकात ‘मोबिलिटी’ आणि ‘पोलिटिकल विल’ ही वेगवेगळी प्रकरणं आहेत. त्यामुळे मार्ग आखणं हे नियोजनकाराचं काम आणि इच्छाशक्ती ही नंतर पुढाऱ्यांनी दाखवायची गोष्ट, असा समज होतो. पण पैसा आधी रुळांना की भरावाला, हा निर्णयच शहराचा खरा नकाशा असतो. सॉफ्टवेअरमध्ये याला डिपेंडन्सी म्हणतात: एक गोष्ट दुसरीवर उभी असेल, तर दुसरीची तारीख आधी ठरवावी लागते. कोरियांच्या आराखड्यात सगळं आहे, फक्त ती तारीख पाळायला कुणी बांधील नाही.

तरीही पुस्तक जुनं झालेलं नाही. ‘मेट्रो लवकरच’ असं लिहिलेल्या फ्लॅटच्या जाहिराती आजही दिसतात. ताबा आधी की गाडी आधी, एवढं विचारायला हे पुस्तक शिकवतं.