सामाईक जीपीयू: सोय खरी, आकडे संशयास्पद

एखाद्या पेपरात किंवा थिसिसमध्ये 'ए१०० जीपीयूवर ट्रेनिंग केलं' एवढंच वाक्य दिसलं, की एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: अख्ख्या कार्डावर, की हिश्श्यावर?

हल्ली अनेक ठिकाणी जीपीयू वाटून दिला जातो. तुम्ही साध्या लॅपटॉपवरून व्हर्च्युअल डेस्कटॉप उघडता, आत जीपीयू दिसतो, कोड चालतो. सोय उत्तमच आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती 'प्रत्येकाला स्वतःचा जीपीयू' या दाव्याबद्दल, आणि त्या दाव्यावर विसंबून आपण जे आकडे छापतो त्यांच्याबद्दल.

मेमरी वेगळी, वेळ वेगळी

एनव्हिडियाच्या व्हीजीपीयू पद्धतीत दोन गोष्टींची वाटणी होते, आणि दोन्हींचे नियम वेगळे आहेत. टी४ कार्ड घ्या. मेमरी १६ जीबी. ४ जीबीचे चार हिस्से पाडले की चार डेस्कटॉप एका कार्डावर बसतात. मेमरीच्या भिंती पक्क्या असतात. बाकीचे तिघे डेस्कटॉप चालू ठेवून जेवायला गेले तरी तुम्हाला पाचवा जीबी मिळत नाही. गणित करणारे कोअर मात्र कापून दिलेले नसतात, ते सगळे आळीपाळीने प्रत्येकाला मिळतात. सामाईक विहिरीसारखं: विहीर एकच, मोटर लावायची पाळी ज्याची त्याची.

ही पाळी तीन प्रकारे ठरवता येते. 'बेस्ट एफर्ट'मध्ये शेजाऱ्याने पाळी वापरली नाही तर ती तुम्हाला मिळते. 'इक्वल शेअर'मध्ये चालू असलेल्या डेस्कटॉपांना समान वाटा, म्हणजे कुणी आलं-गेलं की वाटा बदलतो. 'फिक्स्ड शेअर'मध्ये वाटा ठरलेला, शेजारी असो वा नसो. वेगळं काही सेट केलं नसेल तर बेस्ट एफर्ट चालतो.

म्हणजे काय झालं? तोच कोड, तोच डेटा, पण सोमवारी दुपारी एक वेळ आणि रविवारी रात्री दुसरी. कारण सोमवारी कुणीतरी पायमॉलमध्ये प्रोटीन गोल गोल फिरवत होतं.

आकडे कुठे फसवतात

सगळ्यात उघड फसगत वेगाच्या तुलनेत होते. जुनं मॉडेल दुपारी चालवलं, आपलं नवीन मॉडेल रात्री, आणि लिहिलं 'आमची पद्धत दीडपट वेगवान'. हे श्रेय मॉडेलचं की शेजाऱ्याच्या झोपेचं, हे त्या तक्त्यावरून कुणालाच सांगता येणार नाही.

यावर नेहमीचं उत्तर असतं, 'वेग बदलेल, ॲक्युरसी थोडीच बदलणार?' हे अर्धंच खरं आहे. इपॉक आणि बॅच साइझ ठरलेले असतील तर ठीक. पण हायपरपॅरामीटर शोधताना आपण 'प्रत्येक सेटिंगला दोन तास' असं म्हणतो तेव्हा गर्दीच्या वेळी चाललेल्या सेटिंगला कमी स्टेप मिळतात. ते सेटिंग हरतं, आणि आपण समजतो की तेच वाईट होतं. इथे गर्दी थेट निष्कर्षात शिरली.

मेमरीचंही तसंच. मिक्स्ड प्रिसिजनमध्ये ॲडम वापरून पूर्ण ट्रेनिंग करायचं तर वेट्स, ग्रेडियंट आणि ऑप्टिमायझर मिळून दर पॅरामीटरला साधारण १६ बाइट लागतात. २५ कोटी पॅरामीटर म्हणजे झाले ४ जीबी! डेटाचा पहिला बॅच यायच्या आधीच हिस्सा भरला. मग आपण मॉडेल किंवा बॅच छोटा करतो. अंथरूण पाहून पाय पसरणं शहाणपणाचंच, पण अंथरूण किती होतं हे लिहायला नको का? बॅच बदलला की लर्निंग रेटचं आणि बॅच नॉर्मलायझेशनचं वागणंही बदलतं.

आणि एनव्हिडिया-एसएमआयमधला '९८ टक्के युटिलायझेशन' पाहून खूश होऊ नका. नमुन्याच्या काळात किती टक्के वेळ निदान एक कर्नल चालू होता, एवढंच तो आकडा सांगतो. किती कोअर कामात होते, हे नाही.

मिग आलं म्हणजे प्रश्न सुटला?

२०२०मध्ये ए१००सोबत मिग आलं. यात कार्डाचे जास्तीत जास्त सात तुकडे पडतात आणि मेमरीसोबत कोअरही हार्डवेअरमध्येच वेगळे होतात. शेजारी तुमचा वेग खाऊ शकत नाही. पण ही शिस्त फुकट नाही. ४० जीबी कार्डाच्या सर्वांत छोट्या तुकड्यात ५ जीबी मेमरी आणि १४ एसएम असतात. सात तुकड्यांचे मिळून ९८, कार्डावर १०८. उरलेले १० पडून राहतात. शिवाय झोपलेल्या शेजाऱ्याचा तुकडा उसना मिळत नाही.

म्हणून माझं मत असं: शिकायला, कोड तपासायला, तयार मॉडेल चालवून पाहायला बेस्ट एफर्ट चांगला, कारण रिकामा वेळ वाया जात नाही. मोजमापासाठी मात्र फिक्स्ड शेअर किंवा मिगच हवं. सगळ्यांना एकच सेटिंग लावून 'एआय लॅब सुरू झाली' म्हणणं, ही सोय चालवणाऱ्यांची चूक आहे. आणि ते सेटिंग न विचारता आकडे छापणं ही आपली.

तुम्ही काय कराल

डेस्कटॉपच्या आत जीपीयूचं नाव वाचा. 'टी४-४क्यू'मधला शेवटचा ४ म्हणजे मेमरी आणि क्यू म्हणजे वर्कस्टेशनचा प्रकार. सी असेल तर तो गणनेसाठीचा, बी ऑफिसच्या कामासाठीचा. वेग हळूहळू मंदावत असेल तर लायसन्स मिळालंय का तेही बघा, लायसन्स नसलेला व्हीजीपीयू मुद्दाम मंद केला जातो. पाळी कशी ठरते, हे ॲडमिनला विचारा. दोन मॉडेलची तुलना करताना एक रन याचा, एक त्याचा असे आलटून पालटून बरेच रन घ्या आणि सरासरीसोबत पसाराही द्या. वेळ थांबवण्याआधी सिंक्रोनाइझ करा, नाहीतर जीपीयूचं काम संपायच्या आत घड्याळ थांबतं. बजेट तासांत नको, स्टेपमध्ये ठरवा.

हे सगळं पेपरात दोन ओळींत बसतं. त्या दोन ओळी नसतील तर तुमचा निकाल पुन्हा काढू पाहणारी दुसऱ्या गावातली विद्यार्थिनी महिनाभर स्वतःच्याच कोडमध्ये चूक शोधत बसेल.