फिरायला जाणं आणि चालत जाणं

अमेरिकेतल्या उपनगरांचे 'डाउनटाउन आराखडे' हा एक वाङ्मयप्रकार मानला, तर त्याचे संकेत बरेच पक्के निघतील. सुरुवातीला नगराध्यक्षांचं मनोगत, मग गावाच्या इतिहासाचं एक पान, मग नागरिकांनी भिंतीवर चिकटवलेल्या रंगीत चिठ्ठ्यांचा फोटो. पुढे नकाशे आणि तक्ते, आणि अधूनमधून संगणकावर रंगवलेलं भविष्याचं चित्र. या चित्रात नेहमी जून महिन्यातली संध्याकाळ असते. विटांचा फूटपाथ, जुन्या घाटाचे दिवे, खाली कॅफे, वर तीन मजली घरं. एका मुलाच्या हातात फुगा असतो, एका बाईच्या हातात कुत्र्याचा पट्टा. भाजीची पिशवी मात्र कुणाच्याही हातात नसते. बर्फ नसतो, बसची वाट बघणारा माणूस नसतो, औषधाचं दुकान शोधणारी म्हातारी नसते.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात 'हॅपी पाथ' असा शब्द आहे. वापरणाऱ्याने सगळं आपल्या अपेक्षेप्रमाणे केलं तर प्रोग्रॅम कसा चालेल, ती वाट. डेमो नेहमी त्याच वाटेने दाखवतात. टेस्टिंग म्हणजे ती वाट सोडून बघणं. शिकागोच्या परिसरात नोकरीला लागल्यापासून मी असे बरेच आराखडे वाचले, कारण मी राहतो त्या गावाचाही एक तयार होतो आहे. त्यांच्याकडे टेस्टिंगच्या नजरेने बघणं ही आता सवयच झाली आहे.

'गाव' हा शब्द इथे जपून घ्यायला हवा. इलिनॉयमध्ये 'व्हिलेज' हा कायद्याने मिळणारा दर्जा आहे. पाऊण लाखाहून जास्त वस्ती आणि पोटात भलामोठा मॉल असलेलं शॉमबर्गसुद्धा कागदोपत्री व्हिलेजच. अशा गावांत घरं आहेत, शाळा आहेत, ऑफिसं आहेत, दुकानं आहेत. नाही ती फक्त वेस, पार किंवा चौक. 'गावात जाऊन येतो' म्हणताना आपल्याला जे अभिप्रेत असतं, ते. म्हणून आता तो मध्य आखून, निविदा काढून बांधायचा घाट घातला आहे. आराखड्यांचा लाडका शब्द आहे 'वॉकेबल'. मराठीत त्याचे दोन अर्थ होतात आणि माझ्या मते सगळी गडबड त्या दोघांच्या मधे आहे. एक 'फिरायला जाण्याजोगं', दुसरा 'चालत जाण्याजोगं'. फिरायला जाणं ही हौस आहे, चालत जाणं हे काम आहे. बहुतेक आराखडे पहिलं बांधतात आणि दुसरं बांधल्याचं सांगतात.

हा मध्य नाहीसा कसा झाला, ते आधी बघू. त्यात युक्लिड नावाचं एक गाव येतं. भूमितीवाल्या युक्लिडशी त्याचा संबंध फक्त नावापुरता. ओहायोतल्या क्लीव्हलँडच्या शेजारच्या या व्हिलेजने १९२२ साली एक नियमावली केली: कुठे फक्त घरं, कुठे दुकानं, कुठे कारखाने. अँब्लर रिअल्टी या कंपनीची तिथे ६८ एकर जमीन होती. ती कोर्टात गेली. १९२६ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला. त्या निकालपत्रात स्वतंत्र घरांच्या वस्तीत शिरणाऱ्या अपार्टमेंट इमारतीला चक्क बांडगुळाची उपमा आहे. तेव्हापासून वापरानुसार जमिनीचे कप्पे पाडण्याच्या पद्धतीला 'युक्लिडियन झोनिंग' म्हणतात. खाली वाणी आणि वर वाण्याचं बिऱ्हाड ही रचना अनेक ठिकाणी थेट बेकायदा ठरली. म्हणजे उपनगराला मध्य नाही हा काही निसर्गक्रम नव्हे. दुकान आणि घर यांच्यात अंतर असलंच पाहिजे, असं लिहून ठेवल्याचा तो परिणाम आहे.

अंतर आलं म्हणजे गाडी आली, आणि गाडी आली म्हणजे ती ठेवायची जागा आली. इथला हिशोब सरळ आहे. दर हजार चौरस फूट दुकानामागे चार गाड्यांची जागा हा उपनगरांमधला नेहमीचा नियम. एका गाडीला, आत-बाहेर करायच्या वाटेसह, तीनशेच्या आसपास चौरस फूट लागतात. म्हणजे हजार फुटांच्या दुकानाला बाराशे फुटांचं अंगण, तेही डांबराचं. दुकानापेक्षा दुकानाचं पार्किंग मोठं! डोनाल्ड शूप या अर्थतज्ज्ञाने २००५ साली या 'फुकट' पार्किंगच्या किमतीवर जाडजूड ग्रंथ लिहिला. पुढे बफलो, मिनियापोलिस अशा शहरांनी असे किमान पार्किंगचे नियम काढूनही टाकले. उपनगरी गावं मात्र ते सहजासहजी सोडत नाहीत. मी वाचलेल्या आराखड्यांत चित्रं पहिल्या भागात असतात आणि पार्किंगचा तक्ता परिशिष्टात. खरा आराखडा तो तक्ता आहे.

दुसरा हिशोब पावलांचा. रोजच्या कामाला माणूस पाच मिनिटं, म्हणजे सुमारे ४०० मीटर चालतो असं नियोजनकार धरून चालतात. दुकानाभोवती ४०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं की क्षेत्रफळ येतं सुमारे सव्वाशे एकर. रस्ते धरून एकरी तीन घरं पकडली, तर त्या वर्तुळात पावणेचारशे घरं बसतात. तेवढ्यावर एका वाण्याचं भागायचं नाही, मग बेकरी, दवाखाना आणि केशकर्तनालय दूरच. उरलेली गिऱ्हाइकं गाडीनेच येणार. त्यांच्यासाठी पार्किंग ठेवलं की वर्तुळातली घरं आणखी कमी होणार. हे चक्र दिव्यांच्या खांबांनी आणि विटांच्या फूटपाथने तुटत नाही.

ते तोडायचे प्रयत्न आजचे नाहीत. व्हिक्टर ग्रुएन हा व्हिएन्नाचा वास्तुरचनाकार १९३८ साली नाझींपासून पळून अमेरिकेत आला. मिनेसोटातल्या एडिना गावी त्याने साऊथडेल हे केंद्र आखलं, आणि १९५६ साली ते सुरू झालं. मधे छत घातलेला चौक, भोवती दुकानं, बाहेर कितीही थंडी पडो. त्याच्या मूळ योजनेत सभोवार घरं, शाळा, दवाखाने आणि तळंही होतं. व्हिएन्नाच्या मध्यासारखं काहीतरी त्याला उपनगराला द्यायचं होतं. बांधला गेला तो फक्त मॉल, आणि नकलाही मॉलच्याच झाल्या. उतारवयात ग्रुएनने या अपत्यांचं पितृत्व जाहीरपणे नाकारलं.

शिकागोच्या दक्षिणेचं पार्क फॉरेस्ट हे याहून बोलकं उदाहरण. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या कुटुंबांसाठी ते वसवलं गेलं. पहिली बिऱ्हाडं १९४८ साली आली, १९४९ साली त्याला व्हिलेजचा दर्जा मिळाला. आराखडा एल्बर्ट पीट्सचा. 'द ऑर्गनायझेशन मॅन' या विल्यम व्हाइटच्या गाजलेल्या पुस्तकात नोकरदार अमेरिकेचा नमुना म्हणून येतं ते हेच गाव. इथे मध्य विसरलेला नव्हता. गावाच्या मधोमध प्लाझा होता, घड्याळाचा मनोरा होता, १९५५ साली मार्शल फील्ड्स हे प्रतिष्ठित दुकान आलं. प्लाझाच्या आत गाड्यांना प्रवेश नव्हता. 'वॉकेबल'ची यापेक्षा चोख व्याख्या कोणती? पण चालायचं ते आत पोचल्यावर. बाहेर चहूकडे पार्किंग होतं, आणि त्यापलीकडे घरं. १९७३ साली शेजारच्या मॅटिसनमध्ये, हमरस्त्याला लागून लिंकन मॉल उघडला. जी गिऱ्हाइकं गाडीनेच यायची, त्यांना गाडी थोडी पुढे न्यायला काय लागतं? प्लाझा ओस पडत गेला.

१९९५ साली व्हिलेजने तो विकत घेतला आणि धाडसी काम केलं. काही इमारती पाडल्या आणि पादचाऱ्यांच्या त्या प्लाझातून चक्क गाड्यांचा रस्ता काढला. त्याला नाव दिलं मेन स्ट्रीट. दुकानांची संख्या कमी धरली; जवळ घरं आणली, वृद्धांसाठी निवास आणला, व्हिलेजचं कार्यालय तिथे नेलं. चालणं वाढावं म्हणून गाड्यांना आत घ्यायचं हे विचित्र वाटेल, पण विचार बरोबर होता. बेटाला रस्त्याने मुलखाशी जोडल्याशिवाय ते गाव होत नाही. पण त्या रस्त्याने माणसांच्या खिशात पैसे येत नाहीत. मार्शल फील्ड्स काही वर्षांतच गेलं, आणि मोठं दुकान पुन्हा आलं नाही. आराखडा चांगला असूनही पुरत नाही, हे पार्क फॉरेस्ट दाखवतं. ज्या लिंकन मॉलने प्लाझा बुडवला, तोही २०१५ साली बंद पडला आणि नंतर पाडला गेला.

याउलट वायव्येचं आर्लिंग्टन हाइट्स. तिथे मधोमध रेल्वे स्टेशन आहे. १९८०च्या दशकापासून गावाने स्टेशनभोवती उंच इमारती होऊ दिल्या. नाट्यगृह आलं, आणि किराण्याचं मोठं दुकान, वाचनालय हेही चालत जाण्याच्या अंतरात आहे. २०२०च्या उन्हाळ्यात रस्ते बंद करून तिथे टेबलं मांडली, ती पद्धत पुढेही राहिली. आराखडे तिथल्या टेबलांचा फोटो छापतात. पण त्या टेबलांमागे सकाळी स्टेशनवर चालत जाणारी माणसं आहेत, तिथे राहणारी माणसं आहेत, आणि 'गावाचं रूप बिघडेल' ही ओरड सोसून दिलेल्या परवानग्या आहेत. फोटोत ते दिसत नाही.

हे सगळं मी हौसेपोटी मांडत नाही. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील ज्याच्या घरी राहिले आहेत, त्याला मी काय म्हणतो ते कळेल. गेल्या वर्षी आई-बाबा नाशिकहून आले. दोघांनाही इथे गाडी चालवता येत नाही. माझ्या संकुलात तळं आहे, तळ्याभोवती देखणी पायवाट आहे. बाबा रोज तिच्यावर चार फेऱ्या मारायचे. दुसऱ्या महिन्यात म्हणाले, "फिरायला जागा भरपूर आहे रे तुझ्याकडे. जायला जागा नाही." आईला कोथिंबीर हवी असली तर शनिवारपर्यंत थांबावं लागे. सर्वांत जवळचं दुकान मैलभरावर, पण मधल्या सहापदरी रस्त्यापाशी फूटपाथ संपतो. पलीकडच्या गवतात पायांनी पडलेली वाट आहे. म्हणजे तिथून माणसं जातातच. त्यांची नोंद कुठल्याही तक्त्यात नाही एवढंच.

त्या वाटेच्या टोकाला एक जुनाट दुकानांची रांग आहे. १९७०च्या दशकातली बसकी इमारत, समोर खड्डे पडलेलं पार्किंग. तिच्यात एका गुजराती काकांचं किराणा दुकान आहे, एक मेक्सिकन बेकरी, कपडे दुरुस्त करणारी कोरियन बाई, टॅक्स भरून देणारं ऑफिस, भुवया कोरायचं पार्लर, आणि एका गाळ्यात रविवारी भरणारं चर्च. 'मिश्र वापर' म्हणतात तो आणखी काय असतो? हे सगळे एकत्र आले ते इमारत जुनी आणि भाडं कमी म्हणून. जेन जेकब्जने १९६१ साली हेच बजावलं होतं: बांधकामाचा नवा खर्च भाड्यात उतरला की काही ठरावीक धंद्यांनाच तो परवडतो, म्हणून जित्या शहराला जुन्या इमारतींचीही गरज असते. आमच्या गावाच्या मसुद्यात नेमका हा भूखंड 'पुनर्विकासास योग्य' म्हणून केशरी रंगवला आहे. नवं केंद्र तिथे येणार. खाली कॅफे, आइस्क्रीम, व्यायामशाळा. वर घरं, ज्यांचं भाडं खाली कॉफी देणाऱ्या मुलाला परवडणार नाही. तो दुसऱ्या गावाहून गाडी घेऊन येईल, आणि त्याच्या गाडीसाठीही जागा ठेवावी लागेल.

याला एक प्रामाणिक उत्तर आहे. काहीच नसण्यापेक्षा संध्याकाळी बसायला एक चौक बरा. शाळकरी पोरांना मॉलबाहेर भेटता येईल, म्हाताऱ्यांना बाक मिळेल. मला ते मान्य आहे. चौकाला माझा विरोध नाही. पण जुना कोड कुरूप दिसतो म्हणून तो फेकून सगळं नव्याने लिहायचा मोह आमच्याही धंद्यात असतो. त्या कुरूप ओळींमध्ये किती जणांच्या किती गरजा सांभाळल्या होत्या, ते त्या पाडल्यावर कळतं. दुकानांची रांग ठेवून समोरच्या निम्म्या डांबरावर घरं बांधता येतील. पार्किंगचा नियम अर्धा केला तर जागा निघते. सहापदरी रस्त्यावर सिग्नल आणि मधे थांबायला बेट, गवतातल्या वाटेच्या जागी फूटपाथ. याचं चित्र देखणं होणार नाही, फुगेवाल्या मुलाला उभं राहायला विटाही नसतील. पण आईला कोथिंबीर मंगळवारी मिळेल.

मसुद्यावर पुढच्या महिन्यात जाहीर सुनावणी आहे. मला इथे मत देता येत नाही, बोलता येतं. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. तेवढ्यात मी एकच प्रश्न विचारणार आहे: जानेवारीतल्या मंगळवारी, सकाळी दहा वाजता, या केंद्रात कोण, कुठून आणि कशासाठी चालत येईल? आराखड्यातल्या प्रत्येक चित्राखाली हे उत्तर एका ओळीत लिहावं. जिथे ती ओळ लिहिता येणार नाही, तिथे विटा बसवायच्या आधी परिशिष्टातला पार्किंगचा तक्ता पुन्हा उघडावा.