‘ऑक्टोबर ते मार्च’ : कोणाची दिल्ली?

‘दिल्लीला भेट देण्याचा उत्तम काळ : ऑक्टोबर ते मार्च.’ कुठलंही प्रवासाचं ॲप उघडा, हे वाक्य भेटतंच. ते इतकं निरुपद्रवी दिसतं की आपण त्याचा विचार करत नाही, सरळ तिकीट काढतो. पण प्रवासवर्णनाला साहित्य मानायचं, तर या वाक्याचीही समीक्षा व्हायला हवी.

या वाक्याची नजर फक्त तापमानावर आहे. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांकडे जातो, लू वाहते, उन्हाळा बाद. जुलै-ऑगस्टमध्ये दमट उकाडा आणि तुंबलेले रस्ते; पावसाळा बाद. उरला हिवाळा. ही वजाबाकी जुनीच. ब्रिटिश सरकार उन्हाळ्यात सिमल्याला जायचं आणि थंडीत खाली उतरायचं. राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली तो दरबार १२ डिसेंबर १९११ला भरला. आजही देशभर दिसणारं दिल्लीचं चित्र २६ जानेवारीच्या संचलनाचं असतं. सत्तेला स्वतःचं प्रदर्शन मांडायला हिवाळाच सोयीचा पडत आला आहे.

अहमद अलींची ‘ट्वायलाइट इन दिल्ली’ (१९४०) ही इंग्रजी कादंबरी याच १९११च्या आसपास घडते. तिच्यात जुन्या शहराचं खरं आयुष्य उन्हाळ्यात दिसतं : तापलेल्या गल्ल्या, गच्चीवरच्या रात्री, आकाशात कबुतरांचे थवे. दरबाराची मिरवणूक येते तेव्हा वृद्ध मीर निहाल ती जामा मशिदीच्या पायऱ्यांवरून पाहतो, आणि ते वैभव आपलं नाही हे त्याला कळून चुकतं. पाहुण्यांचा ऋतू आणि रहिवाशांचा ऋतू वेगळे असू शकतात, हे या कादंबरीत जितकं जाणवतं तितकं कुठल्याच गाइडमध्ये जाणवत नाही.

विल्यम डॅलरिंपल यांचं ‘सिटी ऑफ जिन्स’ (१९९३) पाहुण्याच्याच नजरेतून लिहिलेलं आहे. पण हा पाहुणा वर्षभर राहतो. उकाडाही सोसतो आणि धुकंही. म्हणूनच त्याची दिल्ली पोस्टकार्डासारखी सपाट होत नाही. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ वाचलेल्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. तिथे एकही महिना ‘ऑफ सीझन’ नाही.

आता तर ‘ऑक्टोबर ते मार्च’ हे वाक्य तापमान सोडलं की खोटंच ठरतं. पावसाळा सरल्यावर वारा मंदावतो. थंड हवेचा थर जमिनीलगत बसतो. वाहनं, धूळ, कारखाने आणि शेजारच्या राज्यांत जळणाऱ्या पराळीचा धूर त्यात अडकतो. नोव्हेंबरमध्ये हवेचा निर्देशांक ४००च्या वर जाणं आता नवलाचं राहिलेलं नाही. डिसेंबर २०१७मध्ये श्रीलंकेचे क्रिकेटपटू इथल्या कसोटीत मास्क लावून खेळले, ते ऐन ‘उत्तम काळात’. शौनक सेन यांचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ (२०२२) हा माहितीपट पाहा : आकाशातून कोसळणाऱ्या घारींवर उपचार करणारे दोन भाऊ आणि डोक्यावर राखाडी आभाळ. तो पाहिल्यावर ‘प्रसन्न हिवाळा’ हे शब्द सहज लिहिता येत नाहीत.

मग जावं कधी? समीक्षकाने उत्तर टाळू नये. पहिल्यांदाच जाणार असाल, तर फेब्रुवारीची अखेर ते मार्चचा मध्य. दाट धुकं सरलेलं असतं, हवा नोव्हेंबरपेक्षा बरी असते, आणि आपली काटेसावर, तिथली सेमल, निष्पर्ण फांद्यांवर लालभडक फुललेली असते. दुसऱ्यांदा जाल तेव्हा मात्र मुद्दाम मे-जून निवडा. दुपार घरात काढा, पहाटे लोदी गार्डनला जा, बहाव्याचे पिवळे घोस पाहा. जुलैपर्यंत थांबलात, तर नवी दिल्लीच्या रस्त्यांवर जांभळांचा सडा पडलेला दिसेल. श्वसनाचा त्रास असणाऱ्यांनी नोव्हेंबर टाळावा आणि हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी जून. एवढं तरी प्रवासाच्या पानांनी स्पष्ट लिहावं.

‘उत्तम काळ’ निवडण्याची मुभा फक्त पाहुण्याला असते. रिक्षावाला, डिलिव्हरीवाला, चौकात उभा वाहतूक पोलीस हे नोव्हेंबरही रस्त्यावर काढतात आणि जूनही. त्यामुळे यापुढे हे वाक्य दिसलं, की उत्तम म्हणजे कुणासाठी, एवढं विचारून मगच तिकीट काढावं.