‘तांत्रिक अडचण’ : एका शब्दप्रयोगाची झडती

साताऱ्या-सांगलीकडच्या सहकारी बँका आणि पतसंस्थांचे वार्षिक अहवाल मी काही वर्षे जमवून वाचतो आहे. वाङ्मय म्हणून ते कुणी वाचत नाही. पण ज्या संस्थेत ऊसबिल जमा होते तिने स्वतःविषयी लिहिलेले एवढेच गद्य सभासदाच्या हाती पडते. त्यात संगणकाविषयी एकच वाक्य हमखास भेटते : ‘संस्था पूर्णपणे संगणकीकृत आहे.’ दुसरे वाक्य अहवालात नसते, शाखेच्या दारावर चिकटवलेले असते : ‘तांत्रिक अडचणीमुळे व्यवहार बंद.’ या दोन वाक्यांमध्ये जे घडते त्याला आपल्या लेखनात जागाच नाही, ही माझी तक्रार आहे.

३१ जुलै २०२४ रोजी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीची जोडणी तात्पुरती तोडली. स्टेट बँक आणि टीसीएस यांच्या भागीदारीतली ही कंपनी छोट्या बँकांना संगणकसेवा पुरवते. देशातल्या सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांचे व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. खंडणीखोरांनी यंत्रणा ओलीस धरली, एवढे बातम्यांत आले.

क्लाउडसेक या सुरक्षासंस्थेच्या विश्लेषणानुसार शिरकाव झाला तो सी-एजशी व्यवहार असणाऱ्या दुसऱ्याच एका कंपनीच्या, नीट न बांधलेल्या जेनकिन्स सर्व्हरमधून. जेनकिन्स हे प्रोग्राम जुळवण्याचे काम आपोआप करणारे मोफत सॉफ्टवेअर. त्याला आज्ञा देताना ‘ॲट’चे चिन्ह आणि पुढे फाइलचा पत्ता लिहिला, की त्या फाइलचा मजकूर आज्ञेत भरला जाई. कुणीतरी सोय म्हणून ठेवलेली ही खुबी परक्याला सर्व्हरवरचा मजकूर वाचू देत होती. जेनकिन्सच्या मंडळींनी २४ जानेवारी २०२४ रोजी हा दोष जाहीर केला आणि त्याच दिवशी दुरुस्तीही दिली. मधे १८९ दिवस गेले.

दोष जाहीर होतो तेव्हा दुरुस्तीबरोबर चोरालाही पत्ता मिळतो. म्हणून खरी शर्यत त्या दिवसापासून सुरू होते. २०१७ मध्ये विंडोजमधल्या दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिली आणि १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ने जगभरची यंत्रे कुलूपबंद केली. तिथे ५९ दिवस मिळाले होते.

आपण लिहितो ते चोराविषयी. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये ९४ कोटी रुपये गेले, तेव्हा २८ देशांतली एटीएम, हाँगकाँगचे खाते यांची वर्णने रहस्यकथेच्या थाटात रंगली. त्यानंतर ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली, ती मात्र कुणाला रंजक वाटली नाही.

भेगांविषयी लिहिण्याची रीत आपल्या मुलखाला नवी नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. धरण उभे राहिले, पण त्याला आडव्या भेगा पडल्या. अभियंत्यांनी त्या नेमक्या कुठे आहेत हे नोंदवले : मुख्यतः जिथे भिंतीचा उतार एकदम बदलतो, माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली. भेगा भरल्या, मागून टेकू बांधले. पाटणच्या डोंगरातली ती भेग आज जगभरच्या धरणशास्त्रात उदाहरण म्हणून शिकवतात, ती लपवली नाही म्हणूनच. धरण आणि सॉफ्टवेअर यांची तुलना मर्यादेतच खरी आहे, हे मान्य. भूकंप मुद्दाम भेग शोधत येत नाही.

शब्दांचाही थोडा दोष आहे. ‘भेद्यता’ हा परिभाषेतला शब्द कुणाच्या तोंडी बसत नाही. ‘पॅच’ला ‘ठिगळ’ म्हणावे तर त्यात गरिबीची लाज. वास्तविक आमच्या आयांनी शिवलेली वाकळ म्हणजे ठिगळांचाच संसार, आणि ती उसवली की त्याच आठवड्यात सुई-दोरा निघत असे. मी ‘भेग’ आणि ‘ठिगळ’ हेच शब्द वापरेन.

ऑडिट वर्ग ‘अ’ मिळाल्याचे अहवालात ठळक छापतात. त्याखाली आणखी एक ओळ मला हवी आहे : गेल्या वर्षी जाहीर झालेल्या गंभीर दोषांपैकी किती आमच्या आणि आमच्या पुरवठादाराच्या यंत्रणेत होते, आणि ठिगळ लावायला किती दिवस लागले. गेल्या सर्वसाधारण सभेत मी हे विचारले. अध्यक्ष म्हणाले, ‘सर, विषय तांत्रिक आहे,’ आणि पुढचा विषय लाभांशाचा निघाला.