शिक्का, मोर्तब आणि कानातलं

माझी भाची घरी पितळेचे दागिने घडवते. गेल्या दिवाळीआधी कर्वे रस्त्यावरच्या एका प्रदर्शनात तिने टेबल मांडलं होतं. मोडी अक्षरांची कानातली, राजमुद्रेच्या अंगठ्या, अष्टकोनी पदकं. शेजारच्या टेबलावर हॅरी पॉटरच्या गोष्टींतली चिन्हं आणि वीस बाजूंच्या फाशांची लोलकं. मी मोडीचा एक जोड उचलला. उजव्या कानातलं अक्षर सुलटं होतं, डाव्या कानातलं उलटं, आरशात दिसावं तसं.

‘‘हे चुकलंय,’’ मी म्हणालो.

‘‘मामा, जोड आहे तो. दोन्ही बाजू एकमेकींकडे बघायला नकोत का?’’

कारागिराच्या नियमाने तिचं बरोबर होतं. मोर, कोयरी, हंस, सगळे दोन कानांत समोरासमोर येतात. पण अक्षर म्हणजे कोयरी नव्हे. ते फिरवलं की त्याचं वाचन संपतं. प्रस्तुत टिपण या एका चुकीतून सुरू झालं.

इंग्रजीत ज्याला गीक म्हणतात त्याला आपण ‘वेडा’ म्हणतो, आणि तेही कौतुकाने: दुर्गवेडा, पुस्तकवेडा, इतिहासवेडा. पुण्यात या वेडाची हस्तकला नवी नाही. दिवाळीत अंगणात होणारा मातीचा किल्ला ही तिची जुनी जात. दगड-विटांवर ओली माती लिंपायची, हळीव पेरायचे, मावळे मांडायचे. ज्याने राजगड केला त्याला तीन माच्या आणि बालेकिल्ला यांची जागा ठाऊक असावी लागते. करताना चुकतं आणि चुकताना कळतं. आता रस्त्याच्या कडेला साच्यातून काढलेले तयार किल्ले विकायला असतात. ते सुबक असतात, पण घेणाऱ्याला बालेकिल्ला कुठे हे शोधावं लागत नाही. वेडातून घडलेल्या दागिन्याला माझी कसोटी हीच आहे: घडवणाऱ्याला आणि घालणाऱ्याला ती वस्तू काही शिकायला लावते का?

परदेशी वेड्यांकडे याचं उत्तम उदाहरण आहे. टॉल्किन भाषाशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या कादंबरीतल्या अंगठीवरचा लेख त्यांनी स्वतः रचलेल्या लिपीत आहे. ती अंगठी बोटात घालणाऱ्या कितीतरी चाहत्यांनी पुढे ती लिपी शिकून घेतली. एका चाहत्याने तोच लेख कोरलेला पोलादी पेला टॉल्किनना भेट पाठवला. त्यातून ते कधी प्याले नाहीत, तंबाखूची राख टाकायला त्यांनी तो वापरला. लेखाचा अर्थ अघोरी आहे हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक होतं. चिन्ह शोभेचं झालं तरी अर्थ सुटत नाही, एवढं या पेल्यावरून कळतं.

आता आपल्या मोडीकडे वळू. मी ती चाळिशीनंतर शिकलो, पदवीशिवाय, कागदांवर डोळे ताणून. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात. बोरू शक्यतो उचलायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द सुटे नाहीत. मोडीचं सौंदर्य या धावण्यात आहे. म्हणून एकच अक्षर पत्र्यातून कापून कानाला टांगलं की आकार उरतो, पण चाल जाते. भाचीच्या कामात एक पट्टी मात्र मला मनापासून आवडली: केसांत लावायची, वर सलग रेघ आणि खाली अख्खं नाव न तुटता. तिथे लिपीचा स्वभाव दागिन्याच्या घाटात उतरला होता. करवतीचा दात एके ठिकाणी घसरला होता. बोरूही घसरतोच.

राजमुद्रेच्या अंगठीचं दुखणं वेगळं आहे. ती आज सर्वत्र आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलाच्या नव्या ध्वजावरही तिच्यावरून घेतलेला अष्टकोन आला. पण मुद्रा हे ठसा उमटवायचं साधन. तिच्यावरची अक्षरं उलटी कोरलेली असतात, तेव्हा कागदावर सुलटी येतात. बाजारातल्या अंगठीवर अक्षरं सुलटी असतात. म्हणजे ती मुद्रा नसून कागदावरच्या ठशाची प्रतिकृती आहे. शाई लावून दाबली तर मजकूर उलटा उमटेल. भाचीची चूक कानात चूक होती. मुद्रेवर तीच बरोबर ठरली असती.

याहून मोठा प्रश्न अर्थाचा. मुद्रेतला संस्कृत श्लोक प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी मुद्रा लोकांच्या कल्याणासाठी आहे, असं सांगतो. २८ जानेवारी १६४६ च्या पत्रावर ती माथ्याशी आहे आणि खालच्या मजकुरात रांझ्याच्या पाटलाला बदअंमलाबद्दल दिलेल्या शिक्षेची हकिकत आहे. वर वचन, खाली त्याची अंमलबजावणी. पत्र संपतं तिथे मर्यादेची छोटी मुद्रा, म्हणजे मोर्तब. तिच्यापुढे कुणाला मजकूर वाढवता येऊ नये म्हणून. माथ्याचा शिक्का आणि शेवटचं मोर्तब मिळून ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द झाला. दागिन्यांच्या बाजारात शिक्का भरपूर मिळतो. मोर्तबाचं पदक मी अजून पाहिलेलं नाही. अधिकाराचं चिन्ह सगळ्यांना हवं आहे, अधिकाराला मर्यादा घालणारं कुणाला सुचलेलं नाही.

हे सारं मी भाचीला जरा चढ्या आवाजात सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘मामा, तुला मोडी येऊन किती वर्षं झाली? किती जणांना शिकवलीस?’’

एकालाही नाही. तिच्या टेबलाशी मात्र दोन दिवसांत चौघांनी ‘हे कसं वाचायचं’ असं विचारलं होतं. मोडीचे वर्ग कुठे असतात हे तिला सांगता आलं नव्हतं. राजवाड्यांनी १९१० साली मेहेंदळ्यांच्या साथीने स्थापन केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ तिथून फार लांब नाही, आणि ते हे वर्ग घेतं. माझ्या कपाटातली रुमालं मी बांधून ठेवली होती. तिने चुकीचं का होईना, अक्षर चारचौघांत नेलं. माझी टीका मी मागे घेत नाही. पण नुसता दोष दाखवून समीक्षकाचं काम संपत नाही, हे मला त्या टेबलाशी कळलं.

आता तिच्या प्रत्येक जोडाबरोबर एक चिठ्ठी जाते. अक्षर कोणतं, ते शब्दात कसं जुळतं आणि वर्ग कुठे भरतात, एवढं तिच्यात असतं. मजकूर मी लिहितो. डावं अक्षर सुलटं झालं आहे. यंदा तिने पितळेत एक अष्टकोन उलट्या अक्षरांनी कोरला. शाईच्या गादीवर दाबून आम्ही दिवाळीच्या पत्रांवर ठसे उमटवले. एक वेलांटी बुजली, बाकी मजकूर वाचता आला. मोर्तबाचा नमुना मी कागदावर काढून दिला आहे. तो अजून तिच्या टेबलावर पडून आहे.