बारोलो : तुरटपणाची बाजू

दिवाळीच्या फराळाशेजारी मद्याची गोष्ट काढणे काही वाचकांना औचित्याला सोडून वाटेल. पण मी कोणाच्या हाती पेला देत नाही. एका कृतीचे परीक्षण करतो आहे, इतकेच. ती कृती म्हणजे इटलीच्या पिएमोंते प्रांतातले बारोलो हे तांबडे मद्य.

काही वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात, आल्बा गावच्या एका खाणावळीत मी त्याचा पहिला घोट घेतला. रंग फिकट, विटकरीकडे झुकलेला. वास सुकत चाललेल्या गुलाबाचा, आणि मागून डांबराचा. घोट घेतला मात्र, आणि जीभ, हिरड्या, टाळू सारे आवळून आले. कच्ची सुपारी चघळावी तसा तुरटपणा! मी पेला बाजूला सारला. एवढ्यात तायारिन आले : अंड्याच्या बलकाने पिवळ्या झालेल्या शेवया, लोण्यात घोळलेल्या, वर पांढऱ्या ट्रफलचे पातळ काप. दोन घास खाऊन पुन्हा पेला उचलला, तर तेच मद्य एकदम समजूतदार झालेले! तुरट द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना धरते, म्हणून तोंड कोरडे पडते. घासातली प्रथिने आणि स्निग्धता आडवी आली की त्याची धार बोथट होते. म्हणूनच तिकडचे लोक ते मुरलेल्या चीजबरोबर, नाहीतर बारोलोतच मंद आचेवर शिजवलेल्या मांसाबरोबर घेतात. नुसते पिऊन त्याला नावे ठेवणे म्हणजे तबल्यावाचून ठेका ऐकू आला नाही म्हणून गवयाला दोष देणे होय.

हे मद्य नेब्बिओलो या एकाच द्राक्षाचे. अकरा गावांच्या हद्दीतच ते बनते, आणि निदान 38 महिने, त्यातले 18 लाकडी पिंपात, मुरल्यावाचून विकता येत नाही.

या वाट पाहण्यावरूनच भांडण पेटले. 1983 साली एलिओ आल्तारे या तरुणाने वडिलांची जुनी मोठी पिंपे करवतीने कापून काढली आणि फ्रान्सच्या धर्तीची लहान, नव्या ओकची पिंपे आणली. मद्य लवकर मऊ व्हावे, जगाला रुचावे, हा हेतू. वडिलांनी त्याला वारसाहक्कातून वगळले. दुसरीकडे बार्तोलो मास्कारेल्लो हे वृद्ध गृहस्थ हाताने चितारलेल्या लेबलांवरून लहान पिंपांचा निषेध करीत राहिले.

माझा कौल? मुलाचे एक म्हणणे मला पटते. वेलीवरचे घड कमी करून उरलेल्यांत रस भरू द्यावा, तळघर स्वच्छ ठेवावे, हे त्या पिढीने शिकवले, आणि त्याचा लाभ जुन्या वळणाच्या मंडळींनाही झाला. पण नव्या लाकडाचा व्हॅनिलासारखा वास गुलाबावर चढतो, तेव्हा बारोलो कुठलेही मद्य होते. पुढे अनेकांनी पुन्हा मोठी पिंपे आणली, यातच निकाल आला.

तरीही त्या घरातली करवत माझ्या मनातून जात नाही. पिंपे पुन्हा घेता येतात. बाप-लेकांचा तुटलेला शब्द तसा परत येत नाही. यंदा फराळाला बसताना घरातल्या एखाद्या तुरट म्हाताऱ्याशेजारी, किंवा उतावळ्या पोराशेजारी, थोडे अधिक वेळ बसावे, असे मी ठरवले आहे.